पुढून एक, मागून तीस

मंडळी, पडद्यावर दिसतंय ते इंग्लंडमधल्या बाथ शहरातलं रॉयल क्रेसेंट. पहिल्यांदा पाहणारा हटकून विचारतो, हा राजवाडा कुणाचा? तर राजवाडा नव्हे, एकमेकांना खेटून उभी असलेली तीस घरं आहेत ही. चंद्रकोरीसारखी वळलेली सुमारे ५०० फुटांची ओळ आणि तिच्यावर ११४ खांब. पाया १७६७ साली घातला, काम पुरं व्हायला सात-आठ वर्षं गेली. तेव्हा पुण्यात थोरल्या माधवरावांची कारकीर्द चालू होती, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

आराखडा जॉन वूड धाकट्याचा. बापाचंही नाव जॉन वूडच. जवळची ‘सर्कस’ नावाची गोल वस्ती बापानं आखली, पण १७५४ साली, काम सुरू झालं त्याच वर्षी तो वारला. ती लेकानं पुरी केली आणि हे क्रेसेंटही त्यानंच हाती घेतलं.

आता खरी गंमत ऐका. वूडनं घरं बांधून विकली नाहीत, दर्शनी भिंतीचे तुकडे विकले! गिऱ्हाइकानं आपल्या वाट्याची लांबी घ्यायची. पुढची बाजू वूडच्या नकाशाबरहुकूम, त्यात तसूभर बदल चालणार नाही. तळमजला साधा, त्याच्यावर दोन मजले उंचीचे आयोनिक खांब, म्हणजे माथ्यावर दोन्हीकडे वेटोळी असलेले. दगड बाथचाच, मधाच्या रंगाचा. आणि भिंतीच्या मागे? मागे तुम्ही जाणा आणि तुमचा वास्तुविशारद जाणे. खोल्या किती, जिना कुठे, मजल्यांची उंची काय, ज्याची त्याची मर्जी.

ही दुसरी स्लाईड मागच्या गल्लीतून घेतलेली. छपरं खालीवर, भिंती कुठे पुढे आलेल्या तर कुठे आत गेलेल्या, खिडक्या एका रेषेत नाहीत. पुढे घडीव दगड, इथे साधं ओबडधोबड बांधकाम. मला विचाराल तर हीच बाजू जास्त बोलकी आहे. आपल्या वाड्याची सगळी श्रीमंती आत चौकात असते, रस्त्याला दिसते ती नुसती भिंत आणि दिंडी दरवाजा. इथे उलटा हिशेब. बाथला लोक यायचे ते गरम झऱ्यांच्या निमित्तानं, हंगामापुरते. घर भाड्यानं घ्यायचं, मिरवायचं, परतायचं. मग पैसा दर्शनी भागावर लागणार नाही तर कुठे?

समोरच्या हिरवळीत एक दगडी भिंत आहे, पण घरातून ती दिसत नाही, कारण ती खड्ड्यात उतरवली आहे. गुरं अलीकडे येत नाहीत आणि दिवाणखान्यातून बघणाऱ्याला कुरण थेट दारापर्यंत आल्यासारखं वाटतं. या प्रकाराला इंग्रजीत ‘हा-हा’ म्हणतात. हसू नका, खरंच म्हणतात.

पहिल्या नंबरच्या घरात आता संग्रहालय आहे. दिवाणखान्यापेक्षा मी तिथल्या स्वयंपाकघरात जास्त रेंगाळलो. चुलीजवळ भिंतीत उंचावर एक लाकडी चाक बसवलंय. त्यात आखूड पायांचं, लांब अंगाचं कुत्रं सोडायचं. ते आत धावायचं, चाक फिरायचं, आणि विस्तवापुढे सळईवरचं मांस सगळीकडून सारखं भाजून निघायचं. अशी कामाची एक वेगळी जातच होती, यंत्रं आल्यावर ती नामशेष झाली. वरच्या पाहुण्यांना ताटातला तुकडा दिसे, चाकातलं कुत्रं नाही.

पुढे घरं भाडेकरूंमध्ये विभागली गेली. १९४२च्या एप्रिलमध्ये जर्मन विमानांनी बाथवर बॉम्ब टाकले, त्यात इथली दोन घरं आतून जळून खाक झाली. ती पुन्हा उभी केली. युद्धानंतर जुन्या इमारतींची सरकारी यादी होऊ लागली. त्या यादीत हे क्रेसेंट प्रथम श्रेणीत आहे. संरक्षण नुसत्या दर्शनी भागाला नसतं, आतल्या जिन्याला आणि मागच्या त्या अस्ताव्यस्त भिंतींनाही असतं. वूडनं ज्या बाजूकडे ढुंकून पाहिलं नाही, तिथे आज परवानगीशिवाय खिडकी बदलता येत नाही.

पण यातून एक पेच निघतो. एकोणिसाव्या शतकात उजेड जास्त यावा म्हणून अनेकांनी पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या खाली वाढवल्या. नंतर पहिल्या नंबरचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा खिडक्या पुन्हा मूळ मापाच्या केल्या. झालं काय, की आता सर्वांत अस्सल घरच शेजाऱ्यांच्या ओळीत वेगळं दिसतं!

आणि बावीस नंबर. १९७०च्या दशकात तिथल्या बाईंनी दाराला पिवळा रंग दिला. बाकीची दारं पांढरी. नगरपालिकेनं नोटीस काढली, बाई हटल्या नाहीत, प्रकरण थेट मंत्र्यांपर्यंत गेलं. निकाल बाईंच्या बाजूनं लागला. ही शेवटची स्लाईड त्या दाराची.