दोनच्या आत जेवून घ्या

दृश्य : बोन गावातला चौक, ऊन कलतंय. वेटर फळ्यावर खडूने लिहिलेला दुपारचा बेत ओल्या फडक्याने पुसतोय.

निवेदन :
दुपारचे सव्वादोन. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातलं हे बोन. वाइनमुळे जगभर नाव झालेलं गाव, चौकाभोवती रेस्टॉरंटं. तरी आत्ता या घटकेला एका भुकेल्या मुलासाठी ताटभर गरम जेवण मिळवायचं म्हणजे दारोदार फिरायची तयारी हवी. टेबलांवर माणसं दिसतात, पण ती कॉफीवर आलेली आहेत. आत चुली विझल्यात. तुम्ही कितीही अजिजी करा, लेकराचा रडवेला चेहरा पुढे करा, उत्तर एकच मिळतं : संध्याकाळी सातनंतर या.

भारतातून मुलांना घेऊन फ्रान्सला जाणारे आईबाप पदार्थांची काळजी करतात. बॅगेत खाकरे, मेतकूट, नूडल्सची पाकिटं भरतात. असू द्यावीत, उपयोगी पडतात. पण इथे खरा घोळ होतो तो घड्याळाचा. आपल्याकडे हॉटेलात सकाळी सातला जा नाहीतर दुपारी चारला, इडली मिळतेच. फ्रान्समधली बहुतेक रेस्टॉरंटं दुपारी बारा ते दोन जेवू घालतात आणि मग थेट सात-साडेसातला. लहान गावांत तर रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी शटर खालीच.

म्हणून दिवसाची आखणी उलटी करायची. बाहेरचं मोठं जेवण दुपारी. संग्रहालय, किल्ला, बोटीची फेरी, सगळं त्याच्या आगेमागे. आणि बाराच्या ठोक्याला दारात हजर. साडेबारा-एकला ऑफिसवाल्यांची झुंबड उडते. बाराला टेबल रिकामं असतं, वेटर ताजातवाना असतो आणि पानात पटकन काहीतरी पडतं. शिवाय दुपारी ठरावीक किमतीत दोन किंवा तीन पदार्थांचा बेत मिळतो. त्याच खुर्चीवर रात्री बसलात तर बिल बऱ्यापैकी फुगतं.

दृश्य : पॅरिस. आरसे, पितळी कठडे, काचेचं उंच छत. काळ्या जाकिटातले वेटर ताटं सावरत धावतायत.

निवेदन :
पॅरिसमध्ये मूल घेऊन जायला मला सगळ्यात सोयीची वाटते ती बुयों ही खाणावळींची जात. एकोणिसाव्या शतकात कामगारांना स्वस्तात गरम सूप आणि मांस मिळावं म्हणून ही खाणावळ-पद्धत सुरू झाली. रू द्यु फोबूर मोंमार्त्रवरचं बुयों शार्तिये १८९६ पासून चालू आहे. इथे दुपारी चूल विझत नाही. गोंगाट इतका, की तुमच्या मुलाने चमचा आपटला तरी शेजारचा मान वर करत नाही. आणि गर्दी असली तर वेटर तुम्हाला अनोळखी माणसांच्या टेबलावर बिनदिक्कत बसवतो, पंगतीला बसवावं तसं.

जरा जवळून बघा. भिंतीवर लाकडी खणांची रांग आहे, प्रत्येकावर नंबर. रोज येणारे जेवणारे आपला कापडी रुमाल त्यात ठेवून जायचे. टेबलावर कागद अंथरलेला. ऑर्डर घेतली की वेटर त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहितो आणि शेवटी तिथेच बेरीज मारतो. ही सहा-सात वर्षांची मुलगी बघा, बापाच्या खिशातलं पेन काढून तिने उरलेल्या कागदावर मांजर काढलंय. वेटर आला, मांजराच्या शेपटाला वळसा घालून त्याने आकडे मांडले. काही बोलला नाही.

ताटात काय? किसलेलं गाजर, त्यावर तेल आणि लिंबू. उकडलेलं अंडं आणि मेयोनेझ. बटाट्याचं मऊ प्युरे. पावाची टोपली न मागता येते, आणि नळाच्या पाण्याची सुरई मागितली की मिळते. जेवणासोबत पाव आणि साध्या पाण्याचे वेगळे पैसे लावायचे नाहीत, हा नियम १९६७ पासूनचा. आता तर पाणी फुकट मिळतं हे मेन्यूवर किंवा भिंतीवर लिहिणंही सक्तीचं आहे. तेव्हा बाटलीचं नाव न काढता ‘काराफ दो’ मागा. मुलांसाठी त्याच पाण्यात लालभडक ग्रनादीन किंवा हिरवंगार पुदिन्याचं सरबत मिळतं, ते मात्र विकत.

दृश्य : मेन्यूच्या शेवटच्या पानावर रंगीत चौकट : ‘मेन्यू आंफां’. बोट ओळींवरून फिरतं.

निवेदन :
बहुतेक ठिकाणी मुलांसाठी असा वेगळा बेत असतो. एक पदार्थ, एक गोड, सोबत सरबत. स्वस्त, सुटसुटीत. पण वाचताना जपून. ‘स्तेक आशे’ म्हणजे गोमांसाच्या खिम्याची टिक्की, कधी कधी आतून गुलाबी ठेवलेली. ‘जांबों’ म्हणजे डुकराचं मांस. मग राहतात चिकनचे नगेट्स आणि फ्रीत, म्हणजे तळलेला बटाटा. तीन दिवस तेच खाऊन मूल कंटाळतं. आईबाप त्याआधी.

शाकाहारी घरांची पंचाईत आणखी वेगळी. निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांत मांस लपलेलं असतं. कीश लोरेन या अंड्या-सायीच्या खाऱ्या टार्टमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. क्रोक-मस्यू या भाजलेल्या सँडविचच्या चीजखाली जांबों. कांद्याचं सूप शिजतं ते बहुधा गोमांसाच्या रश्श्यात. अंडं चालत असेल तर ऑम्लेट हा हुकमी एक्का. नसेल तर राततुई म्हणजे शिजवलेल्या भाज्यांचं मिश्रण, बटाट्याचं ग्रातँ म्हणजे भट्टीत भाजलेले काप, चीज आणि सॅलड. आणि एक वाक्य पाठच करून जा : ‘सां व्यांद, सां जांबों, सां प्वासों’. मांस नको, जांबों नको, मासे नकोत. तिन्ही म्हणा. नुसतं मांस नको म्हटलं तर समोर ट्यूना मासा येऊ शकतो, आणि देणाऱ्याचं त्यात काही चुकलं असं त्याला वाटतही नाही.

माझं मत विचाराल तर मुलांच्या चौकटीकडे न बघता मोठ्यांच्याच यादीतून दोन आरंभीचे पदार्थ मागवावेत. इथली बरीचशी मुलंही तेच खातात जे आईबापांच्या पानात असतं.

दृश्य : शाळेचं कॅन्टीन. ट्रेवर सॅलड, मुख्य पदार्थ, चीजचा तुकडा, फळ.

निवेदन :
याचं मूळ इथे आहे. सरकारी शाळेत दुपारची सुट्टी निदान दीड तासाची. जेवण क्रमाने : आधी सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा दही, शेवटी फळ किंवा गोड. २०११ च्या आदेशाने मीठ, केचप आणि मेयोनेझ हात घालून हवं तेवढं घेण्यावर बंदी आली. पाणी आणि पाव मात्र हवा तितका. २०१८ च्या कायद्यानंतर आठवड्यातून एक जेवण शाकाहारी असतं. जाता जाता सांगायचं तर चौदा वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना शाळेत दारू द्यायची नाही, हा आदेश निघाला तो १९५६ साली. त्याआधी पाण्यात मिसळलेली वाइन पोरांच्या पेल्यात असे.

तर रोज असं बसून जेवणारं मूल रेस्टॉरंटमध्येही बसतं. फ्रेंच मुलं जन्मतःच शहाणी असतात ही समजूत मात्र कुणी करून घेऊ नये. तीही टेबलाखाली शिरतात, भावंडाला चिमटे काढतात, मोबाइलसाठी हट्ट धरतात.

दृश्य : साडेचार. शाळा सुटते. कोपऱ्यावरच्या बेकरीपुढे दप्तरांची रांग.

निवेदन :
दुपारचं जेवण दोनला संपलं आणि रात्रीचं साडेसातला, मग मध्ये पोटात कावळे ओरडणारच. त्याची सोय म्हणजे गूते, चार-साडेचारचं खाणं. मुलांसाठी ते जेवणाइतकंच ठरलेलं. बेकरीतून चॉकलेट भरलेला गरम पें ओ शोकोला, सफरचंद भरलेला शोसों, किंवा नुसता बॅगेट या लांबट पावाचा तुकडा आणि त्यात चॉकलेटची वडी. ही मुलगी बघा. आईने बॅगेट हातात दिला, घर दोन गल्ल्या लांब आहे, आणि टोक केव्हाच गायब झालंय.

प्रवासात हे गूते चुकवू नका. ते झालं की रात्री आठपर्यंत मुलाची तक्रार नाही.

दृश्य : मोंपार्नास. तापलेला गोल लोखंडी तवा. लाकडी टी-आकाराच्या काठीने पीठ पसरतंय.

निवेदन :
रात्रीसाठी क्रेपरी, म्हणजे पातळ धिरड्यांची खाणावळ. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांताहून येणारी रेल्वे पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनात उतरते, म्हणून ब्रेतों म्हणजे तिथली माणसं त्याच भागात वसली आणि रू द्यु मोंपार्नासवर क्रेपऱ्यांची ओळ लागली. खारं धिरडं म्हणजे गालेत, ते कुट्टूच्या पिठाचं; गोड म्हणजे क्रेप, ते गव्हाचं. तव्याजवळचं टेबल मागून घ्या. पीठ पडतं, काठी एकदा गोल फिरते, कडा सुटतात, वर अंडं फुटतं, चीज वितळतं आणि चारी बाजू दुमडून चौकोन होतो. मूल एकटक बघत राहतं, आणि तुमचं जेवण निवांत होतं. मोठ्यांसाठी साइडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, मातीच्या वाडग्यात. मुलांना सफरचंदाचा रस.

दक्षिणेला नीसमध्ये गेलात तर जुन्या शहरात सोका शोधा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. भल्याथोरल्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, कडेला करपलेलं. चव बेसनाच्या पोळ्याची, फक्त हळद-ओवा नाही. वर मिरपूड भरभरून टाकतात, म्हणून आधीच ‘सां प्वाव्र’ म्हणा. हातानेच खायचं, त्यामुळे काटे-चमच्यांची कटकट नाही.

दृश्य : जेवण आटोपलंय. मूल खुर्चीवर गुडघे टेकून उलटं बसलंय. वेटर लांबून जातो.

निवेदन :
आता एक शेवटची अडचण. फ्रान्समध्ये बिल आपणहून येत नाही. न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. एरवी ही रीत छान. चुळबुळणाऱ्या पोराबरोबर ती पंधरा मिनिटं जीव खातात. त्यामुळे गोड मागवतानाच ‘लादिसियों, सिल व्हू प्ले’ म्हणून टाका आणि कार्ड हाताशी ठेवा. एकाने मुलाला घेऊन बाहेर चौकात जावं, दुसऱ्याने पैसे भरावेत. सेवेचा आकार किमतीत धरलेलाच असतो, टिप द्यायलाच हवी असं नाही. वेटरने मुलाची बडदास्त ठेवली असेल तर युरो-दोन युरोचं नाणं ठेवा, आणि ते मुलाच्याच हाताने ठेवू द्या. खुर्चीवरून उतरायला तेवढं निमित्त त्याला पुरतं.