गाईडचा एच-इंडेक्स १८ आहे, घेऊ का?

नमस्कार मंडळी! नौपाड्यातल्या घरातून बोलतेय, खाली रिक्षांचे हॉर्न वाजणारच, चालवून घ्या.

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत येतोय. "ताई, बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करायचीय, गाईडचा एच-इंडेक्स १८ आहे, घेऊ का?" अरे, स्थळ बघताय का? १८ गुण जुळले, आता बोलणी करायला हरकत नाही!

पेपर म्हणजे छापलेला शोधनिबंध, हे तुम्हाला माहितीच आहे. आपल्या पेपरचा हवाला दुसऱ्याने त्याच्या पेपरात दिला की एक सायटेशन. पुढे चला. एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला, आणि घोळ इथूनच सुरू होतो. नियम असा: पाच पेपरांना प्रत्येकी किमान पाच सायटेशन असतील तर ५, सहांना किमान सहा असतील तर ६; असा जो सर्वात मोठा आकडा बसेल, तो एच-इंडेक्स.

समजा, सात पेपर आहेत. सायटेशन उतरत्या क्रमाने लिहा: ४०, २२, ९, ६, ५, ३, १. आता वरून बोट ठेवत खाली या. पाचव्या पेपरला ५ आहेत, चालेल. सहाव्याला ३ आहेत, सहा हवे होते, थांबा. एच-इंडेक्स ५. एका दादांनी कमेंटमध्ये सगळ्यांची बेरीज करून ८६ सांगितला. दादा, बेरीज नाही हो!

उलट्या बाजूने बघा. पहिल्या पेपरची सायटेशन ४० ची ४,००० झाली, तरी उत्तर ५च. आणि पाचव्याला एक, सहाव्याला तीन, अशी फक्त चार वाढली, तर ६. एका पेपरने नाव काढलं तरी हा आकडा हलत नाही.

अजूनही कोणी बेरीज करत असेल तर परत सांगते: सातच पेपर असतील तर एच-इंडेक्स सातच्या वर जाऊच शकत नाही. म्हणून तिशीतल्या हुशार गाईडचा आकडा लहान आणि निवृत्तीला आलेल्या सरांचा मोठा दिसतो. तो आकडा सहसा कमी होत नाही, माणूस काम थांबवून बसला तरी.

आणि जास्त सायटेशन म्हणजे मोठा शोध, असंही नाही. एमएस्सीला लॉरी पद्धतीने प्रोटीन मोजलंय ना? फोलिन, म्हणजे निळा रंग आणणारं रसायन, घातल्या घातल्या टेस्ट ट्यूब हलवायला उशीर झाला की निळा रंग फिका, आणि मॅडमचा आवाज! माझं तीनदा झालंय. तर तो १९५१ चा लॉरीचा पेपर, 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'मधला. २०१४ मध्ये सर्वाधिक सायटेशन असलेल्या पेपरांची यादी केली, तेव्हा त्याला तीन लाखांवर सायटेशन होती. डीएनएची रचना सांगणारा १९५३ चा पेपर त्याच यादीत पहिल्या शंभरातही नव्हता. पद्धत सगळे वापरतात, म्हणून तिचा हवाला सगळे देतात. एवढंच.

बरं, आडनावाचं एक सांगते. गूगल स्कॉलर, म्हणजे पेपर आणि सायटेशन दाखवणारी गूगलची साइट, तिथल्या माझ्या प्रोफाइलवर एकदा उसावरचा पेपर येऊन बसला. आडनाव आणि आद्याक्षर सारखं! मामाने फोन करून अभिनंदन केलं, "साखर कारखान्यात जातेस का?" पाटील, जोशी, कुलकर्णी मंडळींनी हे नक्की तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे पेपर तर दोन खात्यांत विभागलेले असतात. ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, फुकट मिळतो.

आता गाईड. प्रोफाइल उघडलं की यादी सायटेशनच्या क्रमाने दिसते. 'वर्ष' दाबा, ताजं वर येईल. मग लेखकांची नावं बघा. आपल्या विषयात सहसा शेवटचं नाव लॅबप्रमुखाचं आणि पहिलं नाव प्रत्यक्ष काम केलेल्याचं असतं. गेल्या चार-पाच वर्षांत पहिल्या जागी विद्यार्थी दिसतायत का? की सगळीकडे सरच पहिले आणि सरच शेवटचे?

त्या १८ वाल्या डोंबिवलीकराला सांगते, बाळा, त्या लॅबमधल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठ, चहा पाज आणि विचार, पहिला पेपर कधी पाठवला? तो काय म्हणाला ते खाली लिही.