साच्यांची खडखड आणि कामगाराचा कान

श्रोतेहो, नमस्कार.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या या मागांना कामगार साचे म्हणतात, आणि त्यांची ती खडखड शहरातील अनेक खात्यांत, म्हणजे मागांच्या कारखान्यांत, आजही चालू आहे.

अशाच एका खात्यात एका वयस्कर कामगाराची मुलाखत घेण्यासाठी मी गेलो होतो. आत ध्वनिमुद्रणात नुसती खडखडच उतरू लागली, म्हणून मामांनी आपले साचे बदली कामगाराकडे सोपवले आणि आम्ही समोरच्या टपरीवर जाऊन बसलो. मामा तेथेही ओरडूनच बोलत होते. चहावाल्याने पाठीमागून दोनदा विचारले, "मामा, साखर कमी टाकू का?" मामांनी मानही वळवली नाही. इतक्यात त्यांनी पेला खाली ठेवला, "माझा तिसरा साचा थांबला," असे म्हणाले आणि लगबगीने आत गेले. मी मागोमाग जाऊन पाहिले, तर खरोखरच तिसऱ्या साच्यावरची आडव्या धाग्याची कांडी संपली होती! मामांच्या कानात सुताचा बोळा होता. मालकांनी दिलेली कानाची बुचे खिशात होती, कारण ती घातली की साच्याची चाल कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

यात नवल नाही. सततच्या गोंगाटाने कान प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर गमावतो. त्यामुळे 'स', 'श' यांसारखी व्यंजने निसटतात, जाड खडखड मात्र ऐकू येत राहते. गेलेले ऐकणे परत येत नाही.

आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आहे; ९५ डेसिबलला चारच तास, १०० डेसिबलला दोनच. पाळी मात्र अनेक खात्यांत बारा तासांची असते. म्हणून आवाज आधी उगमापाशी कमी करावा, पुन्हा सांगतो, उगमापाशी: झिजलेले भाग बदलावेत, मागाखाली रबरी गाद्या घालाव्यात, शक्य तेथे बिनधोट्याचे माग आणावेत. त्यानंतर कामाची अदलाबदल, आणि बुचे सर्वांत शेवटी. सुताच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, फलकांवर होणाऱ्या खर्चातून कितीतरी रबरी गाद्या आल्या असत्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी श्रवणचाचणी करावी. ती पाळी सुटल्यावर लगेच करू नये, कारण तेव्हा कान तात्पुरता बधिर झालेला असतो. सुटीनंतरच्या सकाळी, खात्यात शिरण्यापूर्वी करावी आणि तिचा कागद कामगाराच्या हाती द्यावा.