आवाज ओळखीचा, माणूस अनोळखी

न्यूयॉर्क, 1959. जॅन मॉरोला कामासाठी एक फोन करायचाय. ती रिसीव्हर उचलते, तर लाइनवर एक पुरुष गातोय आणि पलीकडे कुणी मुलगी विरघळून ऐकतेय. थोड्या वेळानं पुन्हा उचलते. तेच गाणं, तीच चाल. मुलगी मात्र दुसरी, म्हणून गाण्यातलं नावही दुसरं.

महायुद्धानंतर अमेरिकेत फोन हवे असलेली घरं फार आणि लाइनी कमी. मग दोन-चार घरांना एकच लाइन जोडून द्यायचे. तिला पार्टी लाइन म्हणत. दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत आपण थांबायचं, आणि कान लावला तर त्याचं सगळं ऐकायचं. 'पिलो टॉक' हा अख्खा सिनेमा या एका गैरसोयीवर उभा आहे.

जॅन म्हणजे डोरिस डे. इंटिरियर डेकोरेटर, स्वतः कमावणारी, एकटी मजेत राहणारी. गाणारा ब्रॅड ॲलन म्हणजे रॉक हडसन. ती टेलिफोन कंपनीत तक्रार करते. कंपनी चौकशीला एका बाईंना पाठवते, आणि ब्रॅडला बघून त्या बाईच पाघळतात. दोघं फोनवर कडाकडा भांडतात, पण जॅननं त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

मग एका नाइटक्लबमध्ये ब्रॅड तिला बघतो. ही तीच, हे त्याला कळतं; तिला काहीच कळत नाही. तो आवाजाला टेक्सासचा हेल देतो आणि रेक्स स्टेटसन होतो. भोळा, लाजरा, गावाकडचा. यातली गंमत अशी की तीनच वर्षांपूर्वी 'जायंट'मध्ये हडसननं टेक्सासचा जमीनदार अगदी गंभीरपणे रंगवला होता, ऑस्करचं नामांकनही मिळवलं होतं.

आता हा बाथटबचा प्रसंग बघा. पडदा मधोमध कापलेला. इकडे ती टबात, तिकडे तो टबात, दोघं आपापल्या घरी. पण तळपाय त्या मधल्या रेषेवर एकमेकांना भिडल्यासारखे. त्या काळच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत लग्नाआधी दोघांना एका टबात दाखवणं अशक्य. दिग्दर्शक मायकेल गॉर्डननं नियम पाळला, आणि चावटपणाही सोडला नाही. हाच गॉर्डन कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत गेला होता. या सिनेमानं तो हॉलिवूडमध्ये परतला.

एका प्रसंगाशी मात्र थांबायला हवं. ब्रॅड फोनवरून जॅनच्या मनात किल्मिष पेरतो: तुझा रेक्स आईवेडा दिसतो, त्याला बायकांमध्ये रस नसावा. आणि पुढच्याच भेटीत रेक्स बनून, करंगळी वर करून, आईसाठी पाककृती विचारतो. तेव्हा थिएटरं हसली. हडसन स्वतः समलिंगी होता, हे त्या प्रेक्षकांना ठाऊक नव्हतं. ते जगाला कळलं 1985मध्ये, त्याला एड्स झाल्याचं जाहीर झालं तेव्हा; त्याच वर्षी तो गेला. मूळच्या रॉय शेररचा रॉक हडसन झालेला, रॉक हडसनचा ब्रॅड, ब्रॅडचा रेक्स, आणि त्या रेक्सवर हा संशय! आज हसू येतं, पण घशात अडकतं.

बिंग फुटतं ते न्यूयॉर्कशेजारच्या कनेटिकट राज्यात, दोघं तिथे गेलेले असताना. जॅनच्या हाती गाण्याचे कागद लागतात, ती पियानोवर चार सूर वाजवते, आणि चाल ओळखीची निघते.

पुढे ब्रॅड तिच्याकडूनच आपलं घर सजवून घेतो, आणि ती त्याचं असं भडक भजं करते की बघवत नाही. माझ्या मते सिनेमा इथेच जिंकतो. त्यानंतर तो तिला पायजम्यात झोपेतून उचलून रस्त्यानं नेतो, ते आज पचत नाही.

पटकथेला ऑस्कर मिळालं. डोरिस डेला कारकिर्दीतलं एकमेव नामांकन. 1961मध्ये 'लव्हर कम बॅक' आला: तीच जोडी, सोबत 'पिलो टॉक'मध्येही असलेला टोनी रँडल. हडसन पुन्हा दुसऱ्याच माणसाचं नाव घेऊन आला, आणि डोरिसबाई पुन्हा फसल्या.