नाव सांगायची घाई नको

मुलांना प्राणी दाखवायला कुठं न्यावं, असं पालक मला विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वाघ असतो. मीही एकदा वीस मुलांना घेऊन एका व्याघ्र प्रकल्पात गेले होते. तीन तास जिप्सीतून फिरलो, वाघ काही दिसला नाही, आणि मुलं हिरमुसून परतली. वाटेत सांबर दिसलं होतं, अस्वलानं उकरलेलं वारूळ दिसलं होतं, पण ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. यात मुलांची चूक नव्हती. काय बघायचं ते आम्ही मोठ्यांनीच आधी ठरवून टाकलं होतं.

त्यानंतर मी जागाच बदलली. आमच्या गावाबाहेर एक जुनी विहीर आहे. तिच्यावर बाभूळ झुकलीय आणि पावसाळ्यात तिच्या फांद्यांना सुगरणीची घरटी लोंबतात. दर रविवारी सकाळी सात वाजता आठ-दहा मुलं आणि मी विहिरीपासून लांब, बांधावर जाऊन बसतो. अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही. पहिली दहा मिनिटं चुळबुळीत जातात. पण मग मुलं बघायला लागतात.

मागच्या पावसाळ्यात त्यांनी दोन नावं ठेवली: ‘टोपीवाला’ आणि ‘तपासनीस’. पिवळ्या डोक्याचा पक्षी गवताच्या पात्याला चोचीनं चीर पाडतो, लांब धागा सोलून आणतो आणि गाठी मारत विणत राहतो. चिमणीसारखा दिसणारा दुसरा पक्षी मधूनच येतो, अर्धवट घरट्यात शिरतो, इकडेतिकडे टोचून बघतो आणि जातो. तिसऱ्या रविवारी एक मुलगी म्हणाली, “ताई, तपासनीस बाई आहे. आणि तिला हे घर पसंत नाही.”

तिनं अगदी बरोबर ओळखलं होतं. नाव सुगरण, म्हणून आपण सगळं श्रेय मादीला देतो. विणकाम मात्र नराचं. घरटं शिरस्त्राणाच्या आकाराचं झालं की मादी येऊन पारखते. पसंत पडलं तरच तो खाली नळीसारखी वाट विणून ते पुरं करतो. नाही पडलं तर ते बहुधा तसंच लटकत राहतं. जोडी जमली की तो पुढच्या घरट्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी.

हे मी पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत सांगू शकले असते. मोह फार होतो हो! पण सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि बघणं थांबवतात.

पक्षीतज्ज्ञ सलीम अली दहा-बारा वर्षांचे असताना त्यांच्या छर्‍याच्या बंदुकीनं एक वेगळीच चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामांनी चिठ्ठी देऊन त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलर्ड यांनी पक्षी ओळखला, पण तेवढ्यावर पोराची बोळवण केली नाही. संस्थेनं जमवलेले पेंढा भरलेले पक्षी त्याला दाखवले. मला त्या गोष्टीत मिलर्डच जास्त आवडतात. पोराच्या एका प्रश्नासाठी त्यांनी आपला वेळ काढला.

काळजी घ्यायची ती घ्याच. जिथं नजर पोचत नाही तिथं हात घालायचा नाही. दगडाखाली फुरसं असू शकतं. घरट्याला हात लावायचा नाही, फांदी ओढायची नाही. आणि विहिरीच्या कठड्याजवळ कुणी फिरकायचं नाही, याबाबत मी फार कडक आहे.

परवा एका मुलानं आजीकडून ऐकलेलं सांगितलं: सुगरण घरट्यात ओल्या मातीवर काजवे चिकटवते, रात्री उजेड पडावा म्हणून. मी ‘हो’ म्हटलं नाही, ‘नाही’ही म्हटलं नाही. मातीचं मात्र खरं आहे. घरटं अर्धं असतानाच नर चिखलाचे गोळे आणून आत लिंपतो. तो का लिंपतो, याबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही. आता या रविवारी सगळ्या मुलांचं ठरलंय, टोपीवाल्याच्या चोचीत गवत किती वेळा आणि माती किती वेळा ते मोजायचं. दोघांनी वही घेतलीय. आणि त्या मुलाच्या आजीलाही आम्ही बोलावलंय.