वांग, पोटावरची रेघ आणि गळणारे केस

नमस्कार मैत्रिणींनो, आणि घरात रेडिओ ऐकत बसलेल्या आया, सासवा, नवरेमंडळी, तुम्हीसुद्धा ऐका. पाचवा-सहावा महिना लागलेली मुलगी ओपीडीत येते, तोंडाला स्कार्फ, बाळाचे ठोके ऐकून झाले की मग तो सोडते आणि विचारते, मॅडम हे गालावरचं जाईल ना? गालांवर, कपाळावर, ओठाच्या वर तपकिरी डाग, म्हणजे वांग. आणि मग पर्समधून एक ट्यूब निघते, मेडिकलवाल्याने दिलेली.

त्या ट्यूबचं मला फार वाईट वाटतं. अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन एकत्र असतं, यातलं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन गरोदरपणात टाळायचं असतं आणि स्टेरॉइड महिनोनमहिने चेहऱ्याला लावलं की कातडी पातळ होते, पुटकुळ्या उठतात. पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या तर दिवस राहायच्या निदान महिनाभर आधी बंदच हव्यात, त्याने बाळात व्यंग येऊ शकतं. वांग हार्मोन्समुळे येतो आणि उन्हाने वाढतो, म्हणून झिंक ऑक्साइडचं एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, छत्री, ओढणी, एवढं आत्ता पुष्कळ झालं. बाळंतपणानंतर बहुतेकींचा वर्षभरात फिका पडतो, काहींचा थोडा राहतो, त्यावर उपचार नंतर करता येतात.

बेंबीखालची काळी रेघ, काळी पडलेली मान, काखा, हे सगळं त्याच हार्मोन्सचं काम. त्या रेघेवरून मुलगा का मुलगी ते कळत नाही हो, कृपा करून त्या पोरीला तसं काही ऐकवू नका. स्ट्रेच मार्क्स हमखास थांबवेल असं क्रीम अजून तरी नाही, महागडी बाटली घेऊ नका, खोबरेल तेलाने कोरडेपणा कमी होतो तेवढं छान.

केसांचं उलटं असतं. पोटात बाळ असताना केस कमी गळतात, दाट वाटतात, कारण वाढीच्या अवस्थेतले केस जास्त काळ तिथेच टिकतात. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी ते थांबलेले सगळे एकदम सुटतात, न्हाणीघराच्या जाळीत गुंता, उशीवर केस, बाळाच्या मुठीत केस, आणि बाळंतीण घाबरून रडते. अंगावर पाजल्यामुळे होतं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, पाजणं बंद करू नका. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस परत भरतात. वर्ष उलटूनही गळत राहिले, किंवा सोबत खूप थकवा असला, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. अळिवाचे लाडू खा, पण डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांच्या ऐवजी नाही.

आता एक गोष्ट मात्र घरी थांबायची नाही. सातव्या महिन्यानंतर तळहात-तळपायांना खाज, रात्री जास्त, पुरळ काहीच नाही, अशी खाज "बाळाला जावळ भरपूर असेल" म्हणून सोडून देऊ नका. पित्ताचा प्रवाह अडल्याने असं होऊ शकतं आणि त्यात बाळाला धोका असतो. बाईल ॲसिड, म्हणजे पित्तातली आम्लं, आणि लिव्हर यांची रक्ततपासणी करावी लागते. पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका, लगेच फोन करा, लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्र असली तरी निघा.