पुर्किंजे पेशीतील एका विकराचा ठावठिकाणा

लातूरमधील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत बी. एस्सी.ची एक विद्यार्थिनी लहान मेंदूच्या छेदाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. भिंग थोडे वरखाली होताच, दोन थरांच्या सीमेवर एका ओळीत बसलेल्या चंबूच्या आकाराच्या मोठ्या पेशी दिसू लागतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किंजे यांनी १८३७ मध्ये वर्णन केलेल्या याच त्या पुर्किंजे पेशी, म्हणजे लहान मेंदूतील मोठ्या चेतापेशी. मराठवाड्यातील कितीतरी विद्यार्थ्यांनी त्या जर्नलमध्ये पेन्सिलीने रेखाटल्या आहेत आणि प्रात्यक्षिक परीक्षेत स्पॉटिंगला ओळखल्याही आहेत. मात्र त्यांच्या आत कोणती प्रथिने आहेत, हे स्लाइडच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगावरून कळत नाही.

त्यासाठी केवळ एकाच प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरावी लागतात. प्रोटीन कायनेज सी या विकराच्या (एन्झाइमच्या) गॅमा प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे लावून तोच छेद रंगवला, तर पुर्किंजे पेशींची शरीरे गडद होतातच, शिवाय पिंपळाच्या जाळीदार पानासारखा सपाट पसरलेला त्यांच्या वृक्षिकांचा (संदेश घेणाऱ्या फांद्यांचा) विस्तार आणि खाली उतरणारा अक्षतंतूही (संदेश पुढे नेणारा तंतू) रंग घेतो. शेजारच्या असंख्य लहान कणपेशी मात्र कोऱ्याच राहतात.

हे विकर जपानमधील कोबे विद्यापीठात यासुतोमी निशिझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये उंदरांच्या मेंदूतून वेगळे केले. इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे वर्तन बदलणे, हे त्याचे काम. त्याचे अनेक प्रकार शरीरभर आढळतात. गॅमा प्रकार मात्र मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जू यांतील चेतापेशींपुरता मर्यादित आहे. पेशी शांत असताना तो पेशीद्रवात असतो. संदेश आला, कॅल्शियम वाढले आणि पेशीपटलात डायअसिलग्लिसरॉल हा मेदरेणू तयार झाला, की तो पटलाकडे सरकतो आणि तिथे कार्यान्वित होतो. म्हणून ‘हे विकर कुठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर क्षणाक्षणाला बदलते, आणि आमच्या मते या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

एखाद्या पेशीत जे विकर विपुल, तेच तिथले प्रत्येक काम करत असणार, असा समज सहज होतो. पुर्किंजे पेशींतील काही सिनॅप्सची (चेतापेशींमधील संदेशजोडांची) ताकद दीर्घकाळासाठी कमी होण्याच्या प्रक्रियेला प्रोटीन कायनेज सी लागते, तेव्हा संशय साहजिकच गॅमावर गेला. परंतु गॅमा नसलेल्या उंदरांतही ही प्रक्रिया घडतच होती, आणि त्यासाठी अल्फा हा प्रकार आवश्यक असल्याचे पुढे दिसून आले. गॅमा नसलेल्या उंदरांत बिघडले होते ते वेगळेच. जन्मानंतर एका पुर्किंजे पेशीला अनेक आरोही तंतू (मेंदूच्या खालच्या भागातून वर येणारे चेतातंतू) जोडलेले असतात आणि वाढीच्या काळात त्यांतील एकच टिकतो. गॅमाअभावी ही छाटणी अनेक पेशींत अपुरी राहिली आणि उंदरांच्या हालचालींतील समन्वय बिघडला. गॅमा नसलेल्या उंदरांवरील हे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांतही या विकराच्या जनुकातील दोषांमुळे तोल जाणे आणि बोलणे अडखळणे ही लक्षणे असलेला एक आनुवंशिक आजार होतो.

मज्जारज्जूत हेच विकर मागच्या शृंगातील (संवेदना जिथे पोचतात त्या मागच्या भागातील) मोजक्या मध्यस्थ चेतापेशींत, म्हणजे इतर चेतापेशींना जोडणाऱ्या पेशींत, सापडते. १९९७ मधील प्रयोगांत गॅमा नसलेल्या उंदरांना तात्कालिक वेदना नेहमीसारखीच जाणवली. मात्र चेतातंतूला इजा झाल्यानंतर रेंगाळणारी वेदना त्यांच्यात जवळजवळ निर्माणच झाली नाही.